पहिला घोट कुणाचा

आबांना 'आबा' म्हणायला मला कित्येक वर्षे लागली. आधी मी त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत असे, मग नुसते डॉक्टर. एकदा त्यांच्या घरी कळण्याची भाकर खाताना माझ्या तोंडून 'आबा' निघून गेले, तेव्हा त्यांनी मान वर करून पाहिले आणि भाकरीचा आणखी एक चतकोर माझ्या ताटात टाकला. त्या चतकोरावर मी बरेच दिवस हवेत होतो. कंपनीच्या माणसाने त्यांना पहिल्याच भेटीत, दवाखान्याच्या पायरीवर पांढरे बूट काढता काढता 'आबा' अशी हाक मारली, आणि आबांनी 'ओ' दिली.

मी त्याच दिवसापासून जळू लागलो. हे मी आज लपवत नाही आणि तेव्हाही मला ते लपवता आले नव्हते. पण जळणारा माणूस खोटेच बोलतो असा जो समज आमच्या मंडळात पसरला, तो मात्र मला मान्य नाही.

आबा म्हणजे नंदुरबारचे जुने डॉक्टर, आणि आमच्या तालुक्याच्या वैद्यक मंडळाचे अध्यक्ष. मंडळात दोन-तीन डॉक्टर, चार वैद्य आणि एक हकीम होते. एरवी ही माणसे एकमेकांच्या औषधांना नावे ठेवत, पण हिवतापाच्या दिवसांत एकत्र येत. मी वैद्यही नव्हतो आणि डॉक्टरही नव्हतो. मी मंडळाची पत्रके लिहीत असे. माझे वडील चळवळीची पत्रके घरी आणत. त्यांवरच मी अक्षरे गिरवली. आईने फडताळात अंथरलेली पत्रकेसुद्धा मी डबे बाजूला सारून वाचली आहेत. जे छापले गेले ते पक्के झाले, अशी माझी समजूत होती. मंडळातले लोक मला नावाने हाक मारीतच नसत. 'ए पत्रक, इकडे ये', 'पत्रकाला चहा द्या', असेच चाले. मला ते आवडत असे.

पावसाळा उतरला की आम्ही धडगावच्या बाजाराला जात असू. नंदुरबारहून छकड्याने तापीपर्यंत, होडीने पलीकडे प्रकाशाला, तिथून शहादा, आणि मग घाट पायी. कोयनेलची, म्हणजे हिवतापावरच्या औषधाची, पेटी तट्टावर. बाजाराच्या कडेला मोहाच्या एका झाडाखाली आबा बसत. डोंगरातल्या माणसांची एक रीत आहे. कुणी कुणाला काही प्यायला दिले, मग ती मोहाची दारू असो की आणखी काही, तर देणारा आधी चार थेंब जमिनीवर सोडतो, ते धरतीचे आणि पूर्वजांचे. मग तो स्वतः पहिला घोट घेतो. त्यानंतरच भांडे पुढे जाते. ज्याने स्वतः घोट घेतला नाही, त्याच्या हातचे कुणी पीत नाही. आणि थेंब सोडून पुढे केलेले भांडे नाकारणे म्हणजे देणाऱ्याच्या मनात विष आहे असे चारचौघांत सांगणे.

आबांनी ही रीत उचलली होती. ते कोयनेल पाण्यात विरघळवत, चार थेंब खाली सोडत आणि पहिला घोट स्वतः घेत. कोयनेल म्हणजे जिभेला जाळणारे कडू. आबांचा चेहरा असा काही वाकडा होई की आजूबाजूची माणसे खदखदून हसत. बायका टोपल्या खाली ठेवून ते पाहायला थांबत. आबा डोळे मिटत, नाक आक्रसत, मिशा थरथरवत, आणि मग वाटी पुढे करत. हसता हसता माणसे ती घेत. आमच्या पत्रकांनी जे काम केले नाही ते त्या चेहऱ्याने केले होते. पत्रके वाचणार कोण? मी ती तरीही घेऊन जात असे. लोक त्यांत चिंच बांधून नेत.

मग युद्धामुळे कोयनेल येईनासे झाले. पेटीच्या तळाशी जेवढे उरले होते तेवढ्यावर ताप थांबणार नव्हता. नेमक्या त्याच वेळी कंपनीचा माणूस आला.

तो माझ्याच वयाचा होता. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांशी गुजराती बोले, नंदुरबारच्या बाजारात अहिराणी, आणि माझ्याशी शुद्ध मराठी. त्याची कंपनी एक लाल, गोड शक्तिवर्धक औषध विके. तापातून उठलेल्या माणसाला बळ येते म्हणे. त्याचे म्हणणे साधे होते. कंपनीकडे कोयनेलचा जुना साठा आहे. तो साठा कंपनी मंडळाला फुकट देईल. बाजारात बसायला तंबू देईल, वार्षिक सभेचे जेवणही देईल. बदल्यात काही नको. त्याने फक्त आमच्या शेजारी बसावे.

सभेत वाद झाला. म्हातारे वैद्यबुवा म्हणाले, ज्याचा मांडव त्याचं लग्न. हकीमसाहेबांनी विचारले की फुकट देणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी आयुष्यात पाहिलेले नाही, हा कुठल्या मुलखातून आला. मी तर उभाच राहिलो. मी म्हणालो की रोग्याने आपल्यावर ठेवलेला विश्वास हा आपल्या मालकीचा नाही, तो रोग्याचा आहे, आणि जे आपले नाही ते तंबूच्या बदल्यात देता येत नाही. हे वाक्य मी घरून घोकून आणले होते. ते आजही मला खरे वाटते. आबा तपकिरीची चिमूट हातात धरून ऐकत होते. मग ते सभेत कधी बोलत नसत त्या घरच्या बोलीत म्हणाले,

"भाऊ, कोयनेल कोठे शे? तुन्हं पत्रक पानीमा घोळीसन देऊ का?"

सगळे हसले. कंपनीचा माणूस हसला नाही, हे त्याचे शहाणपण. त्याने उठून सांगितले की माझे बोलणे बरोबर आहे, आणि मंडळाने असा ठराव लिहूनच ठेवावा. मंडळाचे नाव कुठल्या बाटलीवर येणार नाही, मंडळ शिफारस करणार नाही, पत्रकात जाहिरात छापली जाणार नाही. ठराव मलाच लिहायला सांगितला. मी लिहिला. त्यात एकही फट ठेवली नाही. तो वाचून कंपनीचा माणूस म्हणाला, "भाई, तुमच्या मराठीला तोड नाही. आमच्याकडे असं लिहिणारा कुणी नाही." मला बरे वाटले, आणि बरे वाटले म्हणून त्याचा आणखी राग आला.

कारण त्याच्याकडे लिहिणारा होता. तो स्वतःच. त्याचे पत्रक दोन रंगांत छापलेले होते. वर एक पहिलवान, हातात लाल बाटली, खाली अहिराणीत चारच ओळी, जात्यावर म्हणाव्यात अशा. मी हिवतापावर पानभर लिहीत असे, डबक्यांची कारणे, डासांचे प्रकार, सरकारची हयगय. ते कुणाच्या लक्षात राहत नसे. त्याच्या चार ओळी आमच्या गल्लीतल्या बाया आठवड्याभरात म्हणू लागल्या. माझी आईसुद्धा. मी तिला थांबवले तेव्हा ती म्हणाली की चाल बरी आहे, शब्दांशी तिला काय करायचे आहे.

आणि आबा! त्याने आबांसाठी सुरतेहून तपकीर आणली, नक्षीच्या डबीत. आबा ती डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवू लागले. मी त्यांना म्हणालो की ही भेट आहे, आणि भेट घेणे ठरावात बसत नाही. त्यांनी ठराव मागवला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, तपकिरीचा उल्लेख नाही. मग माझ्याकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाले, "तू जळी ऱ्हायना, भाऊ."

मी नाही म्हणालो नाही.

त्या वर्षी घाट चढताना कंपनीचा माणूस आबांच्या पुढे चालला होता, काटे बाजूला करत. ते काम माझे होते. मी मागे तट्टाबरोबर होतो. पुढून आबांच्या हसण्याचा आवाज येई. लोकांना हसवणारे आबा मला ठाऊक होते. असे पोट धरून हसणारे नव्हते. आमच्याबरोबर पेटी वाहणारा वाटाड्या होता, पाडवी वस्तीवरचा पावरा आदिवासी, आबांच्या औषधाने दोनदा तापातून उठलेला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मोडक्या मराठीत विचारले की माझा पाय दुखतो का. मी हो म्हणालो.

बाजारात तंबू उभा राहिला. पांढरा, कडक, दुरून दिसणारा. एका बाजूला आमची पेटी, दुसऱ्या बाजूला लाल बाटल्या. दोघांच्या मध्ये हातभर अंतर ठेवा असे मी सांगितले आणि ते ठेवलेही गेले. मंडळाचे नाव कुठे नव्हते. ठरावाची प्रत माझ्या खिशात होती. मी तो हातभर मोकळा तुकडा राखत उभा राहिलो.

कंपनीच्या माणसाने एक बाटली उघडली आणि चार थेंब जमिनीवर सोडले. इतक्या लवकर त्याने ती रीतही शिकून घेतली होती. तो स्वतः घोट घेणार, तोच समोरच्या एका गावच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याने हात केला. वाटाड्याने त्याचे बोलणे आम्हाला सांगितले: या सावलीत मोठा माणूस डॉक्टर आहे, घोट त्याने घ्यायचा. कंपनीच्या माणसाने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग बाटली आबांपुढे धरली.

थेंब पडून गेले होते. आता नाही म्हणणे म्हणजे विष आहे असे सांगणे. आबांनी बाटली घेतली आणि घोट घेतला. ते गोड होते. आबांचा चेहरा वाकडा झाला नाही. उलट त्यांनी ओठ पुसले आणि, मला वाटते नकळत, थोडे हसले. कारभारी म्हणाला की ही आमच्या मोहाच्या पाण्याची गोड बहीण दिसते. सगळा बाजार हसला, आणि बाटल्या जाऊ लागल्या.

माझ्या खिशातला ठराव शब्दाशब्दाने पाळला गेला होता. बाटलीवर नाव नव्हते, शिफारस नव्हती, जाहिरात नव्हती. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या बाजारात आम्ही अक्षरांना कुलूप घातले होते, आणि ज्या घोटावर ती माणसे विश्वास ठेवत तो उघड्यावर टाकला होता. अशी चूक पत्रकांवर वाढलेला माणूसच करू शकतो, आणि मंडळानेही ती केली, कारण ठराव मी लिहिला होता आणि तो सुरेख होता.

परतताना मी आबांना विचारले की त्याने हे ठरवून केले असेल का. आबा म्हणाले, नाही, तो पोरगा तसा नाही. मी म्हणालो, तसाच आहे. यावर आम्ही प्रकाशाच्या होडीपर्यंत एकमेकांशी बोललो नाही. कंपनीचा माणूस होडीवाल्याला वल्ही मारायला मदत करत होता.

पुढच्या खेपेला आम्ही घाटाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा वाटाड्या नेहमीसारखा उभा नव्हता. वर चढून त्याच्या वस्तीवर गेलो. कुडाच्या भिंतीशी त्याची बायको घोंगडीखाली थरथरत पडली होती. उशाशी लाल बाटली, रिकामी. दुसरीही रिकामी. मागच्या खेपेला तिच्यासाठी दिलेल्या कोयनेलच्या पुड्या आढ्याला खोचलेल्या होत्या, तशाच. आबांनी वाटाड्याला विचारले की हे का दिले नाही. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तो फक्त काय झाले ते सांगत होता. "तू कडू सोडून गोड प्यालास. आम्हाला वाटलं, कडवं जुनं झालं. तू प्यालास म्हणून मी तिला पाजलं."

आबा खाली बसले. त्यांनी पुडी सोडली, पाण्यात विरघळवली, थेंब सोडले, घोट घेतला आणि चेहरा केला. पण या वेळी तो मुद्दाम करून दाखवलेला चेहरा होता, आणि तिला ते कळले. तिने तोंड भिंतीकडे फिरवले आणि गोड मागितले. नवऱ्याने तिचे डोके मांडीवर घेऊन कितीतरी वेळ समजूत घातली तेव्हा अर्धी वाटी पोटात गेली, अर्धी घोंगडीवर सांडली. आम्ही तिथेच थांबलो. आबा दर वेळी वाटी स्वतःच्या हाताने करत राहिले. ताप उतरला. ती उठून बसली तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

आबा बाहेर येऊन एका दगडावर बसले. तपकिरीची डबी काढली, उघडली नाही. "मन्ही चूक शे," म्हणाले. मी म्हणणार होतो, माझी. पण खरे सांगायचे तर माझ्या मनात दुसरेच चालले होते. आता तरी कंपनीचा माणूस जाईल, एवढेच.

कंपनीचा माणूस तंबू घेऊन थेट बाजारात गेला होता. बाजाराच्या दिवशी मी तयारीने गेलो. नवे पत्रक लिहिले होते, कंपनीवर, तंबूवर, सुरती तपकिरीवरसुद्धा. ते मी वाचून दाखवणार होतो आणि वाटाड्या त्याच्या बोलीत सांगणार होता. आबांनी ते वाचले आणि घडी करून मला परत दिले. म्हणाले, ज्याने गोड पाजले ते तोंड आधी कडू व्हायला हवे.

मला अर्थ लागला नाही. माझी समजूत अशी झाली की आबा पुन्हा घोट घेणार, पण त्यांच्या घोटावर आता लोकांचा भरवसा उरला नव्हता, म्हणजे दुसऱ्या कुणी तरी घ्यायला हवा. आणि तो मीच. या झाडाखाली इतकी वर्षे उभा राहिलेला दुसरा कोण होता? आबांनी वाटी तयार केली, थेंब सोडले. लोक गोळा झाले होते, पण हसत नव्हते, पाहत होते. मी हात पुढे केला.

आबांनी वाटी माझ्या हातावरून पलीकडे नेली आणि कंपनीच्या माणसापुढे धरली.

"घे," ते म्हणाले. "पहिला घोट तुझा."

थेंब पडून गेले होते. आता त्यालाही नाही म्हणता येत नव्हते. त्याने आबांकडे पाहिले. मला वाटते त्या क्षणी त्याला सगळे कळले, आणि त्याने ते चटकन मान्य केले, हेच मला त्याच्यात कधी सहन झाले नाही. त्याने अख्खी वाटी रिचवली. त्याला कडवटाची सवय नव्हती. त्याचे डोळे बाहेर आले, तो कमरेत वाकला, त्याने जीभ बाहेर काढून सदऱ्याने पुसली, पांढऱ्या बुटांवर थुंकला, आणि 'अरे बाप रे, आबा' असे काहीतरी गुजरातीत ओरडला. असा चेहरा आबांनी आयुष्यात केला नव्हता. बाजार फुटला हसण्याने. म्हातारा कारभारी काठीवर रेलून हसत होता. वाटाड्याने पुढे होऊन लोकांना सांगितले की गोडवाला स्वतःच कडू प्याला, गोड बळासाठी आहे, तापासाठी नाही. आणि माणसे पुढे आली. वाट्या जाऊ लागल्या.

माझा हात अजून पुढेच होता. कुणाच्या लक्षात आले नाही. मी तो खिशात घातला. तिथे पत्रक होते.

नंतर आबांनी कंपनीच्या माणसाला बाजूला घेतले. मी जवळ गेलो, कारण त्या दोघांना एकटे सोडणे मला जमत नव्हते. आबांनी त्याला सांगितले की तंबू उतरव, आणि उरलेले कोयनेल परत ने. पुढच्या खेपेला मंडळाकडे असेल तेवढेच आम्ही आणू. कमी असेल तर कमी. त्याने वाद घातला नाही. एवढेच विचारले की कमी पडले आणि माणसे मेली तर?  आबा म्हणाले की ते ओझे त्यांचे, पण आपल्या तोंडाचा भरवसा राहिला नाही तर पेटीभर कोयनेल असूनही माणसे मरतील, हे त्यांनी नुकतेच पाहिले आहे. त्यांनी आतल्या खिशातून नक्षीची डबी काढून त्याच्या हातात ठेवली. तो म्हणाला, "ही तर कंपनीची नाही, आबा. ही मी माझ्या हौसेनं आणली होती."

"म्हणून तर जड जातंय," आबा म्हणाले.

मी जिंकलो होतो. पहिल्या सभेत मी जे म्हणालो होतो तेच शेवटी झाले. पण कुणी तसे म्हटले नाही. नंदुरबारच्या सभेत सगळ्यांनी आबांच्या वाटीची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली, कंपनीच्या माणसाचा चेहरा हकीमसाहेबांनी उठून करून दाखवला, आणि वैद्यबुवा म्हणाले की पोरगा मात्र दिलदार होता. नवा ठराव आबांनी सांगितला आणि मी लिहिला. तो एकाच ओळीचा होता: दुसऱ्याच्या मालाचा पहिला घोट मंडळातल्या कुणीही घेऊ नये. मी त्याला आणखी दोन वाक्ये जोडू पाहिली. आबांनी ती खोडली.

ताप पुढेही आला, कोयनेल कमीच पडले, आणि त्याचे हिशेब आबांच्या चेहऱ्यावर दिसत असत. तरी मी आजही त्या एका ओळीच्या बाजूने उभा आहे. एखाद्या वैद्य मंडळाला कुणी तंबू देऊ लागले की मी विचारतो, सावलीत बसल्यावर घोट कुणाचा मागतील. लोक म्हणतात, याला सगळीकडे तोच कंपनीवाला दिसतो. दिसतो.

त्या खेपेहून परतताना प्रकाशाच्या घाटावर होडीची वाट पाहत आम्ही दोघेच बसलो होतो. आबांचा हात सवयीने आतल्या खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. मी उठलो, घाटावरच्या दुकानातून तपकीर आणली आणि कागदाची पुडी त्यांच्यापुढे धरली. पुष्कळ दिवसांनी ते काम माझ्याकडे आले होते. त्यांनी चिमूट घेतली, ओढली, शिंकले, डोळे पुसले. मी वाट पाहत होतो.

"बरी शे," ते पाण्याकडे बघत म्हणाले. मग थोड्या वेळाने: "पण ती येगळी व्हती."